बाराव्या प्रकरणातला 'स'

आमच्या दवाखान्याला दोन दारं होती. पुढच्या दारानं पेशंट यायचे. त्यांची नावं लिहून घेणं, त्यांना बसवणं आणि 'काही दुखत नाही हो' असं बिनदिक्कत सांगणं हे माझं काम. मागच्या दारानं कवळीताई यायची. सकाळी नऊला पाच मिनिटं असताना ती मागच्या खोलीत शिरायची, अ‍ॅप्रन चढवायची आणि घासायची मोटार चालू करायची. मोटारीचा आवाज आला की दवाखाना उघडला असं आम्ही समजायचो.

तिचं खरं नाव हजेरीच्या वहीत होतं, पण ते कुणी तोंडानं घेतलेलं मी ऐकलं नाही. पंचवीस वर्षं ती कवळ्या बनवत होती. प्लास्टरचे साचे, मेण, गुलाबी हिरड्या, वेगवेगळ्या पांढऱ्या छटांचे दात यांत तिचा दिवस जायचा. संध्याकाळी घरी निघताना भुवयांवरसुद्धा प्लास्टर असायचं. बाजारात कुणी हसलं की मला कोपरानं ढोसून सांगायची, "वरची माझी. खालचे त्याचे स्वतःचे, पण फार दिवस नाहीत." लग्न केलं नव्हतं. धाकटी बहीण वारली तेव्हा तिची आठ वर्षांची मुलगी ताईकडे आली आणि ताईकडेच वाढली. बहिणीचा नवरा दुसरं लग्न करून परगावी गेला, त्यानं परत विचारपूस केली नाही. भाची आता चोवीस वर्षांची होती, कुरिअरच्या ऑफिसात कामाला. मावशीसारखीच कमी बोलायची, पण टोमणे अचूक मारायची.

ताईला गोष्टी ऐकायचा नाद भाचीनंच लावला. मोटारीनं कान जातील म्हणून तिनं मावशीला कान झाकणारे मोठे हेडफोन आणून दिले आणि फोनवर पुस्तकं वाचून दाखवणारं अ‍ॅप घालून दिलं. ताई आधी बातम्या ऐकायची. एक दिवस हाताला मेण लागलेलं असताना भलतीकडेच बोट पडलं आणि एक कादंबरी सुरू झाली. हात धुवायला सवड होईपर्यंत दोन प्रकरणं झाली होती. मग तिनं हात धुतले, पण कादंबरी बंद केली नाही.

त्याला रीजन्सी रोमान्स म्हणतात, हे भाचीनं शोधून सांगितलं. दोनशे वर्षांपूर्वीचं इंग्लंड. एक ड्यूक, त्याची बग्गी, तीनशे खिडक्यांचं घर. एक पाद्र्याची मुलगी, जिच्याकडे पुस्तकं भरपूर आणि कपडे दोनच. झुंबराखाली नाच. ड्यूक सुरुवातीला धड बोलत नाही, तिचा अपमान करतो, आणि ती ताठ मानेनं निघून जाते. मग हळूहळू कळतं की तो मनातून चांगला आहे. शेवटच्या प्रकरणात लग्न, आणि लग्नाच्या घंटा वाजल्या की पुस्तक संपतं.

जेवणाच्या सुट्टीत ताई मला रोजची हकीकत सांगायची.

"आज ड्यूकनं तिचा पडलेला हातमोजा उचलला."

"मग?"

"मग काय, परत दिला. पण दोन पानं लागली त्याला."

तिच्या नादानं मीही ऐकायला लागले. या सगळ्या कादंबऱ्या एकाच बाईनं मराठीत वाचलेल्या होत्या, तीस की एकतीस. आम्ही तिला नुसती 'वाचणारी' म्हणायचो. आवाज असा की तिनं टेलिफोनची यादी वाचली असती तरी आम्ही ऐकली असती. ताईला मात्र त्या आवाजात आमच्यापेक्षा जास्त काही ऐकू यायचं. कवळी लावलेल्या माणसाचा 'स' ऐकून दात किती घासायचे ते ती ठरवायची. पुढचा दात नसला तर 'स' शिट्टी मारतो, 'फ' ओठावरून निसटतो. पंचवीस वर्षं हेच ऐकलेलं. म्हणायची, "हिचे दात मी न बघता काढून दाखवीन. वरचे पुढचे दोन जरा मोठे, फट नाही, चावा एकदम सरळ. देवानं सवडीनं केलेत."

त्या वर्षी मार्च महिन्यात, सकाळी अकराच्या सुमाराला, मोटार मधेच बंद झाली. ताई हेडफोन गळ्यात घेऊन माझ्या टेबलापाशी आली. हातात कुणाचीतरी अर्धी घासलेली कवळी तशीच होती.

"एकोणिसावी कादंबरी," ती म्हणाली. "तू ऐकलीस ना?"

ऐकली होती. ड्यूक भर नाचात पाद्र्याच्या मुलीला घालून पाडून बोलतो, ती. मला फार आवडली होती.

"अकरावं प्रकरण ऐक. मग बारावं लाव."

मी दोन्हींच्या सुरुवाती ऐकल्या. अकराव्यात मुलगी आरशासमोर तयार होत होती. बाराव्यात नाचाचं दृश्य होतं. 'साऱ्या सभागृहात शांतता पसरली' असं काहीसं वाक्य होतं. मला काही कळलं नाही. ताईनं परत लावायला लावलं. मला तेव्हाही काही कळलं नाही.

"अकराव्या आणि बाराव्याच्या मध्ये हिचा दात गेलाय," ताई म्हणाली. "वरचा, पुढचा, उजवा."

मी हसले. ती हसली नाही. कवळी ओल्या फडक्यात गुंडाळून आत गेली. त्या दिवशी मोटार परत चालू झाली नाही.

पुढचे पंधरा दिवस ताईनं उरलेल्या सगळ्या कादंबऱ्या ऐकून काढल्या, पण गोष्टीसाठी नाही. साच्यांवर नंबर टाकायच्या पेन्सिलीनं ती एका कागदावर टिपत होती. बारा, तेरा, चौदा या प्रकरणांत दात नाही. पंधराव्यापासून तोंडात प्लेट आली, म्हणजे काढायघालायचा दात. टाळू झाकली गेली की 'त' आणि 'द' जड होतात. जखम भरल्याशिवाय प्लेट बसत नाही, म्हणजे मधे निदान पंधरा दिवस ती बाई तशीच होती आणि तशीच वाचत होती. पुढच्या सहा कादंबऱ्या त्या प्लेटनिशी. मग सव्विसाव्या कादंबरीत, सातव्या प्रकरणापासून, शेजारचा दातही गेला. नवी प्लेट आली ती आधीच्यापेक्षा वाईट. आवाजाचं कौतुक करणाऱ्यांनी अ‍ॅपवर खाली लिहिलं होतं की एकोणिसाव्या कादंबरीत बाराव्या प्रकरणापासून वाचन आणखी उत्कट झालंय, नायिकेचा अपमान अगदी आतून आल्यासारखा वाटतो. ते मी ताईला वाचून दाखवलं. तिनं कागद उलटा केला.

मी म्हटलं, "पडली असेल गं. लोकांचे दात पडतात."

"माझी बहीणसुद्धा हेच म्हणाली होती," ताई म्हणाली.

मग तिनं मला सांगितलं. सोळा वर्षं तिनं ते कुणालाही सांगितलं नव्हतं, भाचीलाही नाही. बहिणीचा पहिला दात गेला तेव्हा ती बाथरूममध्ये पडले म्हणाली. ताईनं दात बनवला. छटा इतकी जुळली की आईलासुद्धा कळलं नाही, आणि ताईला त्याचा अभिमान वाटला. दीड वर्षानं शेजारचा दात गेला. या खेपेला कपाटाचं दार लागलं होतं. बहीण मागच्या खोलीत, याच स्टुलावर बसली. ताईनं माप घेतलं, तोंड बंद कर म्हणाली. बहिणीनं तोंड बंद केलं, पण ती उठली नाही. बसून राहिली, ताईच्या हातांकडे बघत.

"मी विचारायची वाट बघत होती ती," ताई म्हणाली. "मला कळत होतं. मी मोटार चालू केली."

त्यानंतर अकरा महिन्यांनी बहीण जिन्यावरून पडून गेली.

दोन दिवसांनी ताई मला म्हणाली की आपण त्या वाचणाऱ्या बाईला पत्र लिहू. अ‍ॅपवर तिच्या नावाचं एक पान होतं, पण तिथं लिहिलेलं सगळ्या जगाला दिसतं. म्हणून कंपनीमार्फत लिहायचं ठरलं. मी दवाखान्याच्या कॉम्प्युटरवर बसले आणि ताई सांगत गेली. मी लिहायला लागले की तुमची काळजी वाटते, तेव्हा तिनं ते खोडायला लावलं.

"हे पत्र ती वाचायच्या आधी दुसरंच कुणी वाचणार आहे असं समजून लिही."

तेव्हा आम्ही असं लिहिलं की आमच्या दवाखान्यात आवाजावर काम करणाऱ्यांच्या दातांकडे खास लक्ष दिलं जातं. आपल्या वाचनात 'त' किंचित जड येतो, तो दोष प्लेटचा आहे, आपला नाही. दोन दातांचा पक्का ब्रिज केला तर आवाज पहिल्यासारखा होईल. खाली दवाखान्याचा पत्ता, आमच्या डॉक्टर मॅडमचं नाव. मॅडमनी वाचलं, चष्मा काढला, ताईकडे पाहिलं आणि काही न विचारता सही केली. कंपनीकडून दोनदा छापील आभार आले. आम्ही तिसऱ्यांदा पाठवलं. महिन्याभरानं उत्तर आलं. त्यात दोनच शब्द होते. 'कधी येऊ?'

ती एका मंगळवारी अकरा वाजता आली. नवऱ्यानं दारापर्यंत सोडलं, तासाभरानं येतो म्हणाला आणि गाडी घेऊन गेला. मी नाव विचारलं, आणि ते सांगायला तिनं तोंड उघडलं तशी माझ्या हातातलं पेन थांबलं. इतके दिवस माझ्या कानात राहणारा आवाज समोर उभा होता, आणि ज्या बाईतून तो येत होता ती लहानखुरी, चाळिशीची, गळ्याशी ब्लाउजचं बटण लावलेली. मी खुळ्यासारखं म्हणाले की मी तुमच्या सगळ्या कादंबऱ्या ऐकल्यात. ती हसली, ओठ मिटून.

मॅडमनी तपासलं, माप घेतलं आणि छटा जुळवायला तिला मागच्या खोलीत पाठवलं, कारण खिडकी तिथं होती आणि दाताचा रंग दिवसाच्या उजेडातच बघतात. मी साचा घेऊन आत गेले होते, म्हणून पुढचं मी स्वतः ऐकलं. ताईनं दातांची पट्टी तिच्या ओठाशी धरली, दोन-तीन छटा लावून पाहिल्या. मग पट्टी खाली ठेवली.

"कसे गेले?"

"पडले मी. बाथरूममध्ये."

ताई मोटारीपाशीच उभी होती. तिनं मोटारीची वायर भिंतीतून उपटली आणि परत तिच्यासमोर येऊन बसली.

"कुणी पाडलं?"

बाहेर कुणाचं तरी मूल खुर्चीत बसायला नाही म्हणून रडत होतं, ते रडून गप्प झालं. मग बाईनं विचारलं की दात कधी मिळतील. ताई म्हणाली, पुढच्या मंगळवारी. बाई उठली, पदर सारखा केला, दारापाशी गेली आणि तिथं आमच्याकडे पाठ करून थांबली.

"ते बारावं प्रकरण मला परत वाचता आलं असतं," ती म्हणाली. "नंतर, प्लेट आल्यावर. कंपनी नाही म्हणाली नसती. मी तसंच पाठवलं. वाटलं, कुणाच्या तरी कानाला लागेल."

"केव्हाची गोष्ट ही?" मी विचारलं.

"तीन वर्षं होतील."

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला आणि ती गेली.

ताईनं त्या आठवड्यात दुसरं काम हातात घेतलं नाही. दोन दात केले. मी तिचं खूप काम पाहिलंय, पण तसे दात पाहिले नाहीत. एका दाताच्या कडेला तिनं केसाएवढी रेघ घातली होती, कारण त्या बाईच्या उरलेल्या दातांवर तशी होती.

मंगळवारी बाई आली नाही. तिचा नवरा आला. उंच, नीटनेटका, बोलणं इतकं अदबीचं की मी नकळत उभी राहिले. म्हणाला, तिला जरा बरं नाही, दात तयार असतील तर मी घेऊन जातो. ताई आतून आली, कोपरापर्यंत पांढरी.

"दात तोंडात बसवून बघावे लागतात," ती म्हणाली. "ज्याचे दात, त्यालाच यावं लागतं."

"अर्थात," तो म्हणाला. घाई नसल्यासारखा तो खुर्चीत बसला, एक मासिक चाळलं, खिडकीतल्या कुंडीचं कौतुक केलं. एका म्हाताऱ्या पेशंटला उठायला हात दिला. निघताना माझ्या टेबलाशी थांबला.

"तुमचं ते पत्र फार सुंदर होतं," तो म्हणाला. "मी तिला दोनदा वाचून दाखवलं."

तो गेल्यावर मी मागच्या खोलीत गेले. आत ताई स्टुलावर बसली होती. तिचा चेहरा प्लास्टरपेक्षा पांढरा झाला होता. तिच्या मनात काय आलं ते मला कळलं, कारण माझ्याही मनात तेच आलं होतं. आपण विचारलं, पण त्यानं काय झालं असेल?

त्यानंतरचे दिवस ताई झपाटल्यासारखी झाली. हेडफोन काढायचीच नाही. जुन्याच कादंबऱ्या, त्यांतले थांबे. आता तिला शब्द नको होते, शब्दांच्या मधलं हवं होतं. मला सांगायची, हे बघ, इथं ती वाक्याच्या मधे थांबते, कुणीतरी जिना चढतंय. इथं श्वास आत घेतलाय आणि सोडला नाहीये. ड्यूक बग्गीतून उतरतो त्याच्या आधीचा थांबा बघ केवढा आहे. मी ऐकायची, आणि पहिल्यांदा मलाही ऐकू यायला लागलं. मग मला तो ड्यूक ऐकवेना. दाराशी उभा राहून तो जितका अदबीनं बोलायचा तितकी माझ्या अंगावर शिरशिरी यायची. मी अ‍ॅप काढून टाकलं. ताईला ते जमलं नाही. घरी भाजी निवडतानाही तिच्या फोनवर बारावं प्रकरण चालू असायचं, मोठ्या आवाजात.

शेवटी भाचीनं विचारलंच. एका रविवारी दुपारी तिनं फोन बंद केला आणि म्हणाली, मावशी, हे काय चाललंय ते सांग. ताईनं आधी त्या बाईचं सांगितलं. मग ते तिथं थांबेना, आणि तिनं बहिणीचंही सांगितलं. दोन दात, स्टूल, मोटार. भाचीनं सगळं ऐकून घेतलं. तिला आजवर एवढंच माहीत होतं की आई जिन्यावरून पडली.

"तू मोटार चालू केलीस," भाची म्हणाली. एवढंच. रडली नाही, ओरडली नाही. उठून आपल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. ताई मला म्हणाली की ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाची माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली. अंगात कुरिअर कंपनीचं जॅकेट, खांद्याला पिशवी, हातात रिकामं खोकं. म्हणाली, त्या बाईच्या फॉर्मवरचा पत्ता दे. मी म्हटलं, असा देता येत नाही. ती तशीच उभी राहिली. मॅडम आतून म्हणाल्या, "मी काही ऐकत नाहीये." मी पत्ता दिला.

पुढचं भाचीनं नंतर सांगितलं ते. बसनं दोन तासांवरचं गाव. तिसरा मजला, जिन्यात फिनेलचा वास. नवरा कामावर गेल्याची खात्री तिनं खाली वॉचमनशी गप्पा मारून करून घेतली. घंटा वाजवली तेव्हा आतून आवाज आला की दार उघडता येत नाही, पार्सल खाली ठेवा. भाची म्हणाली, ज्याचं पार्सल त्याचीच सही लागते. मग साखळीएवढं दार उघडलं. साखळीला आतून कुलूप होतं. बाईचा ओठ सुजलेला होता.

"कवळीताईनं विचारलंय," भाची म्हणाली, "येताय का?"

बाईनं तिच्या जॅकेटकडे पाहिलं, हातातल्या रिकाम्या खोक्याकडे पाहिलं. किल्ली कुठं आहे ते तिला ठाऊक होतं. हे तिनंच नंतर आम्हाला सांगितलं, आणि सांगताना तिलाच नवल वाटत होतं. किल्ली सबंध वेळ खुंटीला होती. आत जाऊन ती पाच मिनिटांत आली. कपड्यांची पिशवी नाही, दागिना नाही. टॉवेलात गुंडाळलेला माईक तेवढा घेतला होता.

ती ताईच्या घरी दोन महिने राहिली. मॅडमनी पहिल्याच दिवशी तिचं तोंड तपासून जे दिसलं ते सगळं कागदावर लिहून दिलं, आणि ती तो कागद घेऊन पोलिसांत गेली. मॅडम स्वतः बरोबर गेल्या. नवरा दवाखान्यात दोनदा आला. दोन्ही वेळा तसाच अदबीनं बसून राहिला. दुसऱ्या वेळी हवालदार येऊन त्याच्या शेजारी बसला, त्यानंतर तो आला नाही. केस अजून चालू आहे. तो अजून म्हणतो की ती बाथरूममध्ये पडली.

दात बसवले त्या दिवशी ताईनं तिला खिडकीशी उभं केलं आणि काहीतरी वाचायला सांगितलं. हाताशी दुसरं काही नव्हतं म्हणून तिनं औषधाच्या बाटलीवरच्या सूचना वाचल्या. ताई डोळे मिटून ऐकत होती. दोन ठिकाणी थांबवून तिनं दात आतून जरासा घासला. मग मान हलवली. मी म्हटलं, पहिल्यासारखा झाला का आवाज? ताई म्हणाली, 'स' झाला.

कारण बाकीचं झालं नव्हतं. बाईनं लगेच काम सुरू केलं. कंपनीशी झालेल्या करारातली बत्तिसावी कादंबरी बाकी होती, परत एक ड्यूक. आवाज घुमू नये म्हणून ताईच्या घरच्या कपड्यांच्या कपाटात गोधड्या लावून ती आत बसून वाचायची. ताई म्हणायची की आपल्याच कपाटातून तो आवाज येतो तेव्हा अंगावर काटा येतो. आणि जिन्यात कुणाचंही पाऊल वाजलं की कपाटातला आवाज बंद व्हायचा, अर्ध्या शब्दावर. दूधवाला असो, वरच्या मजल्यावरची मुलं असोत. ताई आणि भाचीनं जिना चढताना मोठ्यानं बोलत यायची सवय लावून घेतली. 'मी आहे गं, मीच आहे' असं खालच्या मजल्यापासून म्हणत यायच्या. तरी आवाज थांबायचा तो थांबायचाच.

एकदा ताईनं तिला विचारलं की अजून त्याच गोष्टी कशा वाचवतात. ती म्हणाली, मला दुसरं काही येत नाही. मग म्हणाली की लग्नापर्यंतच असतात, ते एक बरं आहे.

दोन महिन्यांनी ती लांबच्या एका शहरात, तिच्या जुन्या शाळेतल्या बाईंकडे राहायला गेली. अधूनमधून ताईला पत्र येतं. आता मुलांची पुस्तकं वाचते, असं मागच्या पत्रात होतं.

ताईचं आणि भाचीचं मात्र लवकर सुरळीत झालं नाही. ती बाई घरात होती तोवर दोघींना तिच्या आडून बोलता येत होतं. ती गेली आणि घरात शांतता आली, आड लपायला इथं मोटारही नव्हती. भाची वेळेवर यायची, जेवायची, भांडी घासायची. मावशीशी कामापुरतं बोलायची. सहा-सात महिने असेच गेले. ताई मला म्हणाली, "ती मला माफ करत नाहीये, आणि मला ते पटतंय. पण ती जेवायला थांबते माझ्यासाठी." मग भाचीची दुसऱ्या शहरात बदली झाली. जायच्या आदल्या दिवशी तिनं आईच्या फोटोची काच पुसली, फोटो ताईच्या पलंगाशी लावला आणि म्हणाली की हा इथंच राहू दे. ताई म्हणाली, तुझ्या आईचा आहे, तू ने. भाची म्हणाली, तुझ्या बहिणीचा पण आहे.

आता आमच्या दवाखान्यात पुढचा दात तुटलेला कुणीही आला की ताई मागच्या खोलीतून बाहेर येते आणि तोच प्रश्न विचारते, 'कुणी पाडलं?' बाई असो, पुरुष असो, शाळकरी पोर असो. मॅडमना सुरुवातीला हे अवघड वाटलं. बहुतेक लोक हसतात. सायकलवरून पडलो, क्रिकेटचा बॉल लागला, अक्रोड फोडत होतो. एक आजोबा रागावून दुसऱ्या डॉक्टरकडे गेले. पण दोन वर्षांत तिघी अशा आल्या की त्या हसल्या नाहीत. ताई त्यांना आत नेते आणि दार लावते. आत काय बोलणं होतं ते मी विचारत नाही. मोटार बंद असते एवढं मला कळतं.

भाचीनं मागच्या वर्षी लग्न केलं. तिच्याच ऑफिसातला मुलगा, बोलायला मोकळा, स्वयंपाक तिच्यापेक्षा बरा करतो. ताईला तो आवडतो. दर संध्याकाळी भाचीचा फोन येतो, दवाखाना बंद व्हायच्या जरा आधी. कधी ताईचे हात भरलेले असतात म्हणून मी फोन तिच्या कानाशी धरते, तेव्हा पलीकडचं मलाही ऐकू येतं. ताई 'कशी आहेस, जेवलीस का' असं काही विचारत नाही. नुसती ऐकत राहते, मान जरा कलती करून, 'स' साठी. भाचीला ते ठाऊक आहे. म्हणून ती फोन लागला की आधी म्हणते, "मावशी, बत्तीसच्या बत्तीस आहेत." आणि मग ऑफिसचं, घराचं, बाजाराचं सांगायला लागते. ताई म्हणते, "बरं," आणि तरी शेवटपर्यंत ऐकते.